इंग्रजी भाषण थांबवायचे कुठे, कसे आणि कोणत्या शब्दांत

शाळेच्या पटांगणातले भाषण असो, कॉलेजमधला सेमिनार असो की तारकर्लीच्या होमस्टेमध्ये पाहुण्यांना द्यायची माहिती, इंग्रजीत पहिल्यांदा बोलणाऱ्याची सुरुवात सहसा ठीक होते, कारण ती पाठ असते. मधला भागही निभावतो. घोळ होतो तो शेवटी. मुद्दे संपतात, कागद संपतो आणि मग तोंडातून निघते, 'सो... दॅट्स इट... विथ दिस आय एंड माय स्पीच हिअर... थँक यू टू ऑल.' भाषण संपले एवढेच या सगळ्यातून कळते. ऐकणाऱ्याच्या हाती मात्र काही पडत नाही.

खरे तर कोकणातल्या माणसाला चांगला शेवट कसा असतो हे वेगळे शिकवायची गरज नाही. देवापुढे गाऱ्हाणे घालणारा 'आता माझे गाऱ्हाणे संपले' असे कधी म्हणत नाही. मागणे पुरे होते, सूर ठरल्या जागी येऊन टेकतो आणि जमलेली मंडळी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इंग्रजी भाषणातही आता आपली पाळी आली हे ऐकणाऱ्याला सुरावरून आणि वाक्यावरून उमगले पाहिजे. ते जमवायची रीत पुढे दिली आहे.

पायरी 1: लोकांनी पुढे काय करायचे ते आधी ठरवा

भाषण लिहायला बसण्यापूर्वी एका ओळीत मराठीतच लिहा: माझे शेवटचे वाक्य झाल्यावर समोरचे काय करतील? टाळ्या वाजवतील, प्रश्न विचारतील, बोटीकडे जातील, ऑर्डर देतील की दोन मिनिटे उभे राहतील? शेवटचे शब्द या उत्तरावरून निवडायचे असतात. 'भाषण संपवण्याची 50 वाक्ये' अशा याद्या पाठ करून फार उपयोग होत नाही तो याचमुळे. वाक्य बरोबर असते, पण प्रसंग दुसराच असतो.

मालवणच्या जेटीवर किल्ल्याची माहिती देणाऱ्या गाईडचे उदाहरण घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम 1664 साली कुरटे बेटावर सुरू झाले, ही माहिती मध्ये ठीक आहे. शेवटी पाहुण्याला लागते वेळ आणि जागा. म्हणून शेवट असा: 'द बोट लीव्ह्ज ॲट फोर थर्टी. प्लीज बी बॅक ॲट द जेटी बाय फोर फिफ्टीन. एन्जॉय द फोर्ट.' पहिल्या वाक्यात 'ॲट', दुसऱ्यात 'बाय', आणि ही अदलाबदल चालत नाही. 'ॲट फोर फिफ्टीन' म्हणालात तर पाहुणा बरोबर सव्वाचारला येईल आणि रांगेत उशीर होईल. 'बाय' म्हटले की त्याआधी यायचे हे त्याला कळते.

आंबा बागायतदाराचे खरेदीदारांपुढचे बोलणेही असेच. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या भागातल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हा मुद्दा भाषणात जरूर यावा, पण शेवट त्यावर करू नये. शेवटी मागायचे ते स्पष्ट मागा: 'द सॅम्पल्स आर ऑन द टेबल. प्लीज टेल अस बाय फ्रायडे हाऊ मेनी डझन यू नीड. थँक यू फॉर युवर टाइम.' इथे मुद्दाम डझन म्हटले आहे. पेटीत किती डझन बसतात हे फळाच्या आकारावर ठरते. 'बॉक्स' म्हटले तर बाहेरचा खरेदीदार आपल्या हिशेबाने मोजतो आणि नंतर वाद होतो.

पायरी 2: शेवटचे वाक्य सगळ्यात आधी लिहा

ते 6 ते 10 शब्दांचे असावे. श्वास न तोडता म्हणता आले पाहिजे. त्यात 'व्हिच', 'दो', 'इन स्पाइट ऑफ' असले काही नको.

इंग्रजी वाक्यात नेहमीचा जोर शेवटच्या वजनदार शब्दावर येतो. मराठीत वाक्य 'आहे', 'पाहिजे', 'करूया' अशा क्रियापदावर टेकते, त्यामुळे आपल्याला शेवटचा शब्द हलका ठेवायची सवय असते. इंग्रजीत ती सवय मारक ठरते. 'क्लीनलिनेस इज द थिंग वी नीड टू डू' हे वाक्य 'टू डू'वर विरघळून जाते. 'लेट अस कीप दिस बीच क्लीन' हे 'क्लीन'वर ठामपणे थांबते. महत्त्वाचा शब्द शेवटी आणा, एवढा एक बदल केला तरी निम्मे काम होते.

याचा नमुना आपल्याच कोकणात मूळ असलेल्या माणसाकडून घेता येतो. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. संविधान सभेतले त्यांचे 25 नोव्हेंबर 1949 चे भाषण बरेच लांब आहे, युक्तिवाद अवघड आहेत, पण शेवटची दोन वाक्ये अशी: 'दॅट इज द ओन्ली वे टू सर्व्ह द कंट्री. आय नो ऑफ नो बेटर.' नऊ शब्द आणि मग पाच. एकही शब्द नववीच्या मुलाला अडेल असा नाही. त्यानंतर आभाराचे शब्द नाहीत, 'एवढे बोलून मी थांबतो' नाही. दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचून पाहा, सूर आपोआप खाली येऊन थांबतो.

पायरी 3: शेवट जवळ आल्याची खूण एकदाच द्या

खुणेचे शब्द थोडेच आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

'टू सम अप' म्हणजे आधी मांडलेले मुद्दे आता थोडक्यात येणार. त्यानंतर नवा मुद्दा आणला की ऐकणारा गोंधळतो. सेमिनारला हे शब्द चांगले.

'इन कन्क्लूजन' किंवा 'टू कन्क्लूड' औपचारिक. शोधनिबंध, अहवाल, वक्तृत्व स्पर्धा इथे चालतात. वाढदिवसाच्या किंवा निरोपाच्या भाषणात कोर्टात उभे असल्यासारखे वाटते.

'बिफोर आय फिनिश' म्हणजे अजून एक गोष्ट सांगायची आहे. एकच. तीन सांगायच्या असतील तर हे शब्द वापरू नका.

'लेट मी लीव्ह यू विथ वन थॉट' किंवा 'विथ वन क्वेश्चन' हे सुंदर, पण पुढचा विचार खरोखर दमदार हवा. इथे 'युनिटी इज स्ट्रेंग्थ' आले की सगळे फुकट.

आता चुकणारे शब्द. मराठीतले 'शेवटी' डोक्यात असते म्हणून बरेच जण 'ॲट लास्ट' म्हणतात. इंग्रजीत त्याचा अर्थ 'एकदाचे' असा होतो. 'ॲट लास्ट, आय थँक अवर प्रिन्सिपल' म्हणजे एकदाचे प्राचार्यांचे आभार मानतो बाबा! तिथे 'फायनली' किंवा 'लास्टली' हवे. 'लास्ट बट नॉट लीस्ट' हे यादीतल्या शेवटच्या माणसासाठी किंवा मुद्द्यासाठी असते, भाषणाच्या शेवटासाठी नव्हे. आणि 'दॅट्स ऑल फ्रॉम माय साइड' हे 'माझ्याकडून एवढेच' याचे शब्दशः रूप आहे. 'दॅट्स ऑल फ्रॉम मी' म्हणा, तेही फक्त मित्रमंडळीत किंवा ऑफिसच्या छोट्या बैठकीत.

खूण दिली की तीस-चाळीस सेकंदांत थांबायलाच हवे. 'इन कन्क्लूजन' ऐकले की लोक चपला शोधू लागतात. त्यानंतर पाच मिनिटे बोलत राहणाऱ्याचे पुढचे कोणीच ऐकत नाही. आणि चार वाक्यांनी पुन्हा 'फायनली' आले, तर हशा पिकतो.

छोट्या भाषणात खूण मुळीच नसली तरी चालते. दोन मिनिटांच्या भाषणात 'इन कन्क्लूजन' म्हणजे पडवीएवढ्या घराला महाद्वार.

पायरी 4: लांबी मोजा

इंग्रजी सवयीचे नसेल तर मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्दांचा वेग धरावा. त्याहून वेगाने बोललात की शब्दांचे शेवट गिळले जातात. समारोपाला एकूण वेळेचा दहावा हिस्सा पुरतो. तीन मिनिटांच्या भाषणाला 35 ते 40 शब्द, पाच मिनिटांच्या भाषणाला 55 ते 60. दहा मिनिटांच्या सेमिनारला 100 ते 120, कारण तिथे निष्कर्ष पुन्हा सांगावे लागतात.

नमुना म्हणून वेळासच्या कासवांवरचे तीन मिनिटांचे शालेय भाषण घेऊ. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, त्यामुळे आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांना हा विषय जवळचा. नेहमीचा शेवट असा असतो:

'सो फ्रेंड्स, ॲट लास्ट आय वुड लाइक टू से दॅट टर्टल्स आर व्हेरी इम्पॉर्टंट. विथ दिस आय एंड माय स्पीच. थँक यू टू ऑल फॉर गिव्हिंग मी दिस गोल्डन ऑपॉर्च्युनिटी.'

यात कासव एकदाच येते, तेही 'महत्त्वाचे' म्हणून. ते काढून असे लिहा:

'सो, व्हॉट कॅन वी डू? वी कॅन स्विच ऑफ द लाइट्स निअर द बीच. वी कॅन टेक अवर प्लॅस्टिक होम. द टर्टल्स कम टू वेळास एव्हरी विंटर. लेट अस कीप देअर बीच डार्क अँड क्लीन. थँक यू.'

एकूण 37 शब्द, सुमारे वीस सेकंद. प्रश्न, दोन सोप्या कृती, एक वस्तुस्थिती आणि 'क्लीन'वर थांबणारे शेवटचे वाक्य. दिव्यांचा मुद्दा ओढूनताणून आणलेला नाही. अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडच्या उजेडाच्या रोखाने जातात, आणि किनाऱ्यावरचे दिवे त्यांची दिशा चुकवतात. शेवटच्या 'डार्क' शब्दाला अर्थ येण्यासाठी हे भाषणाच्या मध्ये कुठेतरी सांगितलेले असले पाहिजे. शेवटात पहिल्यांदाच नवी माहिती आली तर ती वाया जाते.

पायरी 5: आभार कशाबद्दल, हे नात्यावरून ठरवा

'थँक यू फॉर' याच्या पुढचा शब्द कोण कोणाकडे आले आहे त्यावर अवलंबून असतो. लोक तुमच्या कार्यक्रमाला आले असतील तर 'थँक यू फॉर कमिंग'. तुम्हाला बोलावले असेल तर 'थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी', जरा मोकळेपणा असेल तर 'फॉर हॅविंग मी'. ग्राहक किंवा अधिकारी असतील तर 'फॉर युवर टाइम'. वर्गासमोर किंवा सहकाऱ्यांसमोर 'फॉर लिसनिंग'. स्पर्धकाने नुसते 'थँक यू' म्हणून थांबावे. पाहुण्या वक्त्याने 'थँक यू फॉर कमिंग' म्हटले तर यजमानाचे घर आपलेच समजल्यासारखे होते, आणि हे बऱ्याचदा घडते.

'थँक यू टू ऑल' नको, 'थँक यू ऑल' म्हणा. 'थँक्स यू' हे तर इंग्रजीच नव्हे. 'थँक यू फॉर युवर पेशन्स' टाळा. भाषण लांबले असेल किंवा माईक बिघडला असेल तेव्हा ते शोभते, एरवी आपणच आपले बोलणे कंटाळवाणे ठरवतो.

नावे घ्यायची की नाही? आपल्याकडच्या कार्यक्रमांत हा नाजूक भाग. सरपंच, मानकरी, संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, देणगीदार, मुंबईहून खास आलेले ग्रामस्थ, सगळे समोर बसलेले असतात. चार नावे घेतलीत आणि पाचवे राहिले तर भाषण कोणाच्या लक्षात राहत नाही, राहिलेले नाव राहते. कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शन वेगळे असेल तर तुमच्या भाषणात नावे घेऊच नका; ते काम दुसऱ्याचे आहे. आभारप्रदर्शन तुमच्याकडेच असेल तर यादी कागदावर लिहा, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी आयोजकाला दाखवा, मानाच्या क्रमाने म्हणा आणि शेवटी सर्वांना सामावणारे वाक्य ठेवा: 'अँड टू एव्हरीवन हू हेल्प्ड अस, अ बिग थँक यू.' सुरुवात 'आय प्रपोज अ व्होट ऑफ थँक्स' अशी. 'रिस्पेक्टफुल सर' म्हणू नका, 'रिस्पेक्टेड' म्हणा. 'ऑनरेबल'मध्ये 'ह'चा उच्चार नाही. राष्ट्रगीत व्हायचे असेल तर 'प्लीज राइज फॉर द नॅशनल ॲन्थम' हे सूत्रसंचालक म्हणणार की तुम्ही, हे आधी विचारून ठेवा, नाहीतर दोघे एकदम म्हणतात किंवा कोणीच म्हणत नाही.

'काही चुकलेमाकले असल्यास क्षमा असावी' हा आपला गोड रिवाज इंग्रजीत नेऊ नका. मराठीत तो नम्रपणा आहे, इंग्रजीत 'इफ आय हॅव मेड एनी मिस्टेक, प्लीज फर्गिव्ह मी' हा कबुलीजबाब वाटतो. 'सॉरी फॉर माय इंग्लिश' तर त्याहून वाईट. ज्याच्या लक्षात आले नव्हते तोही आता चुका आठवू लागतो. 'आय होप यू ऑल अंडरस्टूड' यातून तुम्हाला समजले ना, अशी शंका डोकावते. त्याऐवजी 'आय होप दिस वॉज यूजफुल' ठीक आहे.

'जय हिंद, जय महाराष्ट्र' 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला अगदी योग्य. मग 'थँक यू' आधी येते आणि घोषणा शेवटी. उलट केले तर लोक 'जय' म्हणून मोकळे झालेले असतात आणि तुमचे आभार गोंगाटात जातात. विज्ञान प्रदर्शनात किंवा बँकेच्या बैठकीत घोषणेची गरज नसते.

होमस्टेच्या स्वागताच्या बोलण्यात शेवटी एखादे मालवणी वाक्य छान वाटते. मात्र त्याचा अर्थ आधी इंग्रजीत येऊ द्या: 'कोकण इज युवर होम टू. येवा, कोकण आपलाच आसा.' आधी मालवणी आणि मग त्याचे इंग्रजी, असे केलेत तर शेवट समजावून सांगण्यात जातो.

पायरी 6: आवाज आणि माईक

शेवटच्या वाक्यात सूर खाली येतो, आवाज नाही. हा फरक नवख्यांना हमखास चकवतो. सूर खाली आणताना ते आवाजही कमी करतात आणि शेवटचे दोन शब्द स्वतःलाच सांगतात. 23 जुलैला, लोकमान्य टिळकांच्या जयंतीला, पत्र्याच्या शेडखाली भाषण असेल आणि वर पावसाचा मारा चालू असेल तर असले शब्द पहिल्या रांगेतही पोहोचत नाहीत. सराव असा करा: शेवटचे वाक्य अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणा, पण प्रश्न विचारल्यासारखा सूर वर नेऊ नका. सूर वर गेला की लोक पुढच्या वाक्याची वाट पाहतात आणि टाळ्या येत नाहीत.

कागद वाचताना मान खाली गेली की तोंड माईकपासून दूर जाते. म्हणून शेवटची दोन वाक्ये पाठच हवीत. बाकी भाषण वाचून दाखवले तरी चालेल, ही दोन नाहीत. किनाऱ्याजवळ उघड्यावर बोलताना वारा माईकमध्ये घुमतो. माईक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या जरा बाजूला धरा आणि शक्यतो वाऱ्याकडे पाठ करा.

शेवटच्या वाक्याआधी मनात 'एक, दोन' मोजा. वाक्य म्हणा. पुन्हा 'एक, दोन'. मग 'थँक यू'. टाळ्या सुरू होईपर्यंत जागेवरून हलू नका. 'थँक यू' म्हणताना वळून चालू पडणे ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक आहे.

पायरी 7: वेळ आधीच संपली तर

वक्तृत्व स्पर्धेत इशाऱ्याची घंटा असते. ती किती वेळ आधी वाजते हे परीक्षकांना विचारून घ्या. भाषणाची रचना अशी ठेवा की मधल्या कोणत्याही मुद्द्यावरून थेट शेवटावर जाता येईल. त्यासाठी जोडणारे एक वाक्य तयार ठेवायचे: 'देअर इज मच मोर टू से, बट वन थिंग मॅटर्स मोस्ट.' यानंतर पाठ केलेली दोन वाक्ये. घंटा वाजल्यावर उरलेले मुद्दे भराभर उरकणाऱ्याचे गुण जातात, कारण शेवट राहूनच जातो.

सेमिनारमध्ये शेवट दोनदा येतो. पहिला निष्कर्षानंतर: 'दॅट ब्रिंग्ज मी टू द एंड ऑफ माय प्रेझेंटेशन. आय विल बी हॅपी टू टेक युवर क्वेश्चन्स.' मग प्रश्न. 'एनी डाउट्स?' म्हणू नका. इंग्रजीत ते तुमच्या म्हणण्याविषयीच शंका आहे का, असे ऐकू येते. प्रश्न संपले की बहुतेक जण गुपचूप खाली बसतात, आणि लोकांच्या लक्षात राहते ते शेवटच्या प्रश्नाचे अडखळत दिलेले उत्तर. म्हणून दुसरा शेवट एका ओळीचा ठेवा, ज्यात तुमचा निष्कर्ष पुन्हा येतो. काजूच्या बोंडांवरचा प्रकल्प असेल तर 'द काजू ॲपल इज नॉट वेस्ट' असे अर्धे मराठी नको, 'द कॅश्यू ॲपल इज अ फ्रूट, नॉट वेस्ट. थँक यू.' एवढे पुरे.

निरोप समारंभात 'हॅपी रिटायर्ड लाइफ' ऐवजी 'वी विश यू अ हॅपी अँड हेल्दी रिटायरमेंट' म्हणा, आणि हे वाक्य सभागृहाकडे नव्हे, त्या व्यक्तीकडे पाहून. संध्याकाळच्या कार्यक्रमात जाताना 'गुड नाइट' चालते, येताना नाही. शेवट जरा सौम्य हवा असेल तर 'हॅव अ प्लेझंट इव्हनिंग'.

शोकसभेत मात्र यातले बरेच नियम बाजूला ठेवावे लागतात. तिथे खुणेचे शब्द नकोत, टाळ्या मागणारे जोरदार वाक्य नको आणि 'थँक यू'ही नको. 'मे हिज सोल रेस्ट इन पीस', बाई असतील तर 'हर सोल', एवढे म्हणून क्षणभर थांबा. मौन पाळायचे असेल तर 'लेट अस स्टँड इन सायलेन्स फॉर टू मिनिट्स' म्हणा, घड्याळ बघायचे काम आधीच कोणावर तरी सोपवून ठेवा, आणि दोन मिनिटे झाली की 'प्लीज बी सीटेड' म्हणून खाली या.